आधी वाट, मग वेग

पाऊस थांबून डोंगरांवरचं गवत पिवळं पडू लागलं की कात्रज ते सिंहगड या डोंगरधारेवर सुटीच्या पहाटे एक वेगळी मंडळी दिसू लागते. पाठीला घट्ट बसणारी पाण्याची छोटी सॅक, खोल खाचांच्या तळव्याचे हलके बूट, मनगटावर वेग आणि नाडी मोजणारं घड्याळ. हे लोक ट्रेकला आलेले नसतात, धावायला आलेले असतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या अल्ट्रा शर्यतीचं नाव आता महाराष्ट्राबाहेरच्या धावपटूंनाही ठाऊक आहे. जगातही हा प्रकार आता चार वेड्यांचा छंद राहिलेला नाही. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २०१५ साली डोंगरवाटांवरच्या धावण्याला आपल्या खेळांमध्ये जागा दिली आणि २०२२ साली थायलंडमधल्या चियांग माई इथे डोंगरी आणि ट्रेल धावण्याची पहिली एकत्रित जागतिक स्पर्धा झाली. सह्याद्रीत ही आवड रुजते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी आहे ती आपण ती कशी रुजवतो याची. आपल्याकडे डोंगरात धावणारे बहुतेक जण रस्त्यावरच्या धावण्यातून येतात. आधी दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन, मग मॅरेथॉन आणि त्यानंतर डोंगर, अशी चढती इयत्ता ठरून गेली आहे. तलावात पोहायला शिकलेल्याला भरतीच्या समुद्राची परीक्षा द्यायला पाठवावं, तसं हे आहे. माझं म्हणणं असं की डोंगरातलं धावणं गिर्यारोहणाच्या घरात वाढायला हवं. ज्याला वाट कळते त्याने तिच्यावर धावावं. वेग हा त्यानंतरचा विषय आहे.

हे म्हणण्याचं पहिलं कारण सह्याद्रीच्या घडणीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर तयार झाला. कठीण थरांचे सरळ कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी पदर निर्माण झाले. त्यामुळे इथली वाट एकसारखी चढत नाही. गावामागच्या शेतातून ती सोंडेवर येते, कारवीच्या रानात शिरते, एखादा कातळटप्पा चढते, पदरातून आडवी जाते आणि शेवटी एखाद्या नाळेतून दगडधोंड्यांवरून वर निघते. दर अर्ध्या तासाला पायाखालची जमीन बदलते. मुरमाच्या घसाऱ्यावर जे पाऊल चालतं ते ओल्या कातळावर घात करतं, आणि वाळलेल्या गवताच्या उतारावर दोन्ही चालत नाहीत. अशा ठिकाणी किलोमीटर हे माप जवळजवळ निरुपयोगी ठरतं. स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला होता: सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि चढाईच्या दर तीनशे मीटरला त्यात अर्धा तास मिळवा. कळसूबाईला हा हिशेब लावून पाहावा. बारी गावातून शिखराची वाट साधारण सहा-साडेसहा किलोमीटरची, आणि १६४६ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंतची चढाई आठ-नऊशे मीटरची. नेस्मिथच्या हिशेबाने पावणेतीन तास होतात, आणि सरासरी ट्रेकरला खरोखरच तितका वेळ लागतो. रस्त्यावर हेच अंतर चाळीस मिनिटांत कापणारा धावपटू जर ‘सहाच तर किलोमीटर आहेत’ असं म्हणून अर्धा लिटर पाणी घेऊन उन्हाळ्यात निघाला, तर त्याच्या दमात काही कमी नसतं, त्याचं माप चुकलेलं असतं. डोंगरात आधी वेळ मोजतात, मग चढ, आणि अंतर सगळ्यांत शेवटी.

शरीराचीही तीच गोष्ट. रस्त्यावर वर्षानुवर्षं कमावलेला दम डोंगरात उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण तो अर्धंच काम करतो. चढावर मोठमोठे धावपटूसुद्धा चालतात, आणि त्यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की चढ साधारण सोळा अंशांहून तीव्र झाला की त्याच वेगाने धावण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते. सह्याद्रीतल्या अनेक सोंडांवरचे टप्पे यापेक्षा उभे आहेत. खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. या कामाची सवय नसलेल्या स्नायूंना बारीक इजा होत राहते आणि काही तासांनी पाय आपले ऐकेनासे होतात. दम शाबूत, नाडी नीट, घड्याळ सगळं हिरवं दाखवतंय, आणि गुडघा मात्र भार घेत नाही, अशा अवस्थेत माणूस घसाऱ्यावर उभा असतो. शिवाय प्रत्येक पाऊल वेगळ्या दगडावर, वेगळ्या कोनात पडतं. घोट्याला आणि नजरेला मिळून दर क्षणी निर्णय घ्यावा लागतो. हा सराव डांबरावर होत नाही आणि ट्रेडमिलला कितीही चढ दिला तरी होत नाही. तो होतो हळू चालण्यातून, पाठीवर ओझं घेऊन पुष्कळ चढण्या-उतरण्यातून. डोंगरातल्या धावण्याचा पाया चालणं हाच आहे, आणि नेमकं तेच आपल्या प्रशिक्षण वर्गांत वेळेचा अपव्यय मानलं जातं.

दम आणि वाटेची जाण यांतला फरक किती जीवघेणा ठरू शकतो, हे २२ मे २०२१ या दिवशी चीनच्या गांसू प्रांतात जगाने पाहिलं. पीत नदीकाठच्या खडकाळ प्रदेशात शंभर किलोमीटरची शर्यत होती, १७२ स्पर्धक होते. दुपारच्या सुमारास हवा पालटली. बोचरा वारा, गारठवणारा पाऊस आणि गारा यांनी धावपटूंना अशा एका लांब चढावर गाठलं जिथे गाडी पोहोचत नव्हती. अनेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि आखूड चड्डी होती, कारण वारा अडवणारं जॅकेट सोबत असणं सक्तीचं नव्हतं. एकवीस जण गारठून मेले. त्यांत चीनमधले आघाडीचे धावपटू होते, ज्यांच्या दमाबद्दल कुणी शंका घेऊ शकलं नसतं. पुढे असल्यामुळेच ते सर्वांत आधी त्या उघड्या चढावर पोहोचले. त्याच डोंगरात मेंढ्या चारणाऱ्या एका माणसाने सहा जणांना वाचवलं. त्याला एक गुहा ठाऊक होती, आणि अशाच वेळेसाठी त्याने तिथे कपडे आणि खायच्या वस्तू ठेवलेल्या होत्या. त्याने शेकोटी पेटवली, लोकांना आत आणलं, पुन्हा बाहेर जाऊन आणखी लोक शोधले. चौकशीत आयोजकांवर आणि स्थानिक अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला गेला, चीनने अशा शर्यती काही काळ थांबवल्या, आणि ते योग्यच होतं. पण या घटनेतून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्या चढावर पदकविजेते मरण पावले, तिथेच एक मेंढपाळ निवाऱ्यात होता आणि दुसऱ्यांना निवारा देत होता. हवा दोघांनाही सारखीच होती. धावपटू त्या डोंगरात एका दिवसासाठी आखून दिलेल्या पट्ट्यावर आले होते. मेंढपाळाला त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा डोंगर ठाऊक होता.

यावर कुणी म्हणेल, सह्याद्रीत कुठे आलीय तशी थंडी? तशी नाही हे खरं. पण इथली हवा इथल्या पद्धतीने मारते. आषाढात डोंगरधारेवर पाऊस आडवा येतो. ओल्या कपड्यांतला, घामेजलेला माणूस वाऱ्यात थांबला की अठरा-वीस अंश तापमानातही त्याचं अंग गारठत जातं आणि बोलणं अडखळू लागतं. फाल्गुन-चैत्रात सकाळी दहानंतर उघडा कातळ तापतो, सोबतचं पाणी संपतं, आणि गडावरच्या कोणत्या टाक्यातलं पाणी या महिन्यात पिण्याजोगं असतं हे माहीत नसेल तर पाण्यापासून शंभर पावलांवर माणूस उष्माघाताने कोसळू शकतो. धुकं उतरलं की दोन सोंडांतला फरक दिसेनासा होतो आणि ढोरवाट हीच मूळ वाट वाटू लागते. ढोरवाट मात्र गवत संपतं तिथे, बऱ्याचदा कड्याच्या काठावर, विरून जाते. आग्यामोहोळाखालून आरडाओरडा करत किंवा भडक वासाचं काही अंगाला लावून जाऊ नये, वळवाच्या विजा सुरू झाल्या की धार सोडून खाली यावं, ओढ्याचं पाणी गढूळ होऊ लागलं की वर कुठेतरी पाऊस झाला आहे असं समजून पलीकडे जाण्याचा हट्ट सोडावा. हे ज्ञान महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या वस्त्यांमध्ये आहे. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या गिर्यारोहकांनी ते वस्त्यांमधून शिकून शहरांपर्यंत आणलं. या परंपरेत नवख्या माणसाला आधी जाणत्याच्या मागे चालावं लागतं, मग मधे, आणि बऱ्याच वर्षांनी पुढे. धावण्याच्या चळवळीने या परंपरेशी नातं जोडलेलं नाही. ही आपल्या हातातली उणीव आहे आणि ती भरून काढणं सहज शक्य आहे.

धावणं आणि वाट ओळखणं यांची फारकत करायची गरज नसते, याचा पुरावा उत्तर इंग्लंडने दीडशे वर्षांहून अधिक काळ दिला आहे. तिथल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये गावोगावच्या जत्रांत मेंढपाळ आणि वाटाडे डोंगरमाथ्यापर्यंत जाऊन परत येण्याच्या शर्यती लावत. त्यातून फेल रनिंग नावाचा खेळ उभा राहिला. यातल्या अनेक शर्यतींत वाटेवर खुणा नसतात. कोणत्या माथ्यांना शिवून यायचं एवढंच सांगितलेलं असतं. कोणत्या धारेने जायचं, कुठला ओढा कुठे ओलांडायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, पावसाचा अंगरखा आणि जास्तीचं खाणं सोबत नसेल तर सुरुवातीलाच बाहेर काढतात. १९३२ साली केझिक गावात अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम याने चोवीस तासांच्या आत बेचाळीस शिखरांची फेरी पूर्ण केली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही फेरी आजही तशीच केली जाते: ठरलेला दिवस नाही, खुणा नाहीत, प्रत्येक माथ्यावर सोबतीला एक साक्षीदार असला म्हणजे झालं. या खेळातला सर्वांत आदरणीय धावपटू जॉस नेलर आयुष्यभर मेंढ्या पाळत राहिला. तिथे डोंगरातला वेगवान माणूस म्हणजे डोंगर जाणणारा माणूस, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं आहे. आपल्याकडेही ते अनोळखी नाही. जुलै १६६० मध्ये भर पावसाच्या रात्री पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराजांना विशाळगडाकडे नेणारे बांदल मावळे वेगाने गेले ते वाटा अंगात मुरल्या होत्या म्हणून. आजही आषाढात हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालतात. या वाटेवर धावू इच्छिणाऱ्याने आधी एकदा त्या पायी जाणाऱ्यांबरोबर चिखल तुडवावा, असं मला वाटतं.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. घड्याळात वाटेची आखणी भरली की ते वळणावळणाला सांगतं, वाट चुकली की थरथरतं. मग वाट शिकण्यात वर्षं का घालवायची? मी या साधनांच्या विरोधात नाही. बचावकार्यात त्यांचा मोठा उपयोग होतो आणि एकट्या-दुकट्या माणसाला त्यांनी खरोखर सोडवलेलं आहे. पण त्यांच्या मर्यादा सह्याद्रीत फार लवकर उघड्या पडतात. अरुंद नाळेत दोन्ही बाजूंना कडे असतात, उपग्रहांचे संदेश कातळांवर आपटून येतात आणि पडद्यावरचा ठिपका वीस-तीस मीटर सरकतो. सपाट मैदानात या फरकाला अर्थ नाही. कड्यावर हाच फरक वाट आणि दरी यांच्यातला असतो. भरलेली रेषा कुणीतरी एका ऋतूत, एका दिवशी गेलेला मार्ग असतो. त्यानंतरच्या पावसात दरड कोसळली, दगडाची पायरी निखळली किंवा कारवी माजून तोंड बुजलं, हे रेषेला कळत नाही. आणि ती रेषा ज्याने आखली तो माणूस स्वतःच चकला होता की नाही, हे तपासण्याचा मार्ग पडद्यापाशी नसतो. वाट चुकलेल्यांना शोधायला निघणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांच्या आणि राज्यभरातल्या गिर्यारोहकांच्या बचाव केंद्राच्या स्वयंसेवकांना रात्री-अपरात्री घराबाहेर पडावं लागतं, तेव्हा त्यांनाही शेवटी जवळच्या वाडीतल्या माणसाला हाक मारावी लागते. जो माणूस संकटाच्या शेवटी लागतो त्याच्यापाशी सुरुवातीलाच जावं, इतकंच मी म्हणतो आहे.

शर्यतीत फिती बांधलेल्या असतात, स्वयंसेवक असतात, मग स्पर्धकाला वाट कळलीच पाहिजे असं का, असंही विचारलं जातं. याचं उत्तर थोडक्यात देता येतं. शर्यत वर्षातून एक दिवस असते आणि तिच्यासाठीचा सराव उरलेलं वर्षभर चालतो, तोही बहुधा एकट्याने, पहाटेच्या अंधारात, फितींशिवाय. अपघाताची शक्यता तिथे जास्त आहे.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. आधीच ट्रेकच्या झुंडींनी हरिहर आणि कळसूबाईची दैना केली आहे; त्यात आता शेकडो धावणारे पाय कशाला? वाटा झिजतात, नागमोडी वळणं तोडून सरळ उतरणाऱ्यांमुळे उतारावर नव्या घळी पडतात, पहिल्या पावसात त्यांतून माती वाहून जाते. जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. तिथे फुलांच्या हंगामात धावणं हा माझ्या मते गुन्हाच आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. कोयना-चांदोलीचा व्याघ्र प्रकल्प आहे, भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू आहे. अशा जंगलांत रात्रभर विजेऱ्या लावून शेकडो लोकांना पळवणं मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही, परवानगी मिळाली तरीही. इतकं मान्य करूनही मी धावण्याच्या बाजूने उभा राहतो, त्याला कारण आहे. वाट वापरली नाही तर ती मरते. नाणेघाटासारख्या वाटांवरून सातवाहनांच्या काळापासून माल वर-खाली जात होता. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे गेली, पुढे मोटाररस्ते झाले, आणि कोकण व देश यांना जोडणाऱ्या अनेक घाटवाटा ओस पडू लागल्या. कुठे कारवीने वाट गिळली, कुठे बांधलेल्या पायऱ्या दरडीखाली गेल्या, आणि ती वाट जाणणारी शेवटची पिढी आता वाड्यांमध्ये म्हातारी झाली आहे. त्याच वेळी गडांवर रोपवे आणि माथ्यापर्यंत डांबरी रस्ता नेण्याच्या मागण्या वाढताहेत. वाटेवर प्रेम करणारे आणि तिच्या बाजूने बोलणारे लोक हवे असतील तर तिच्यावर पाय टाकणारे लोक हवेत. धावपटू हा त्यातला उत्तम साथीदार होऊ शकतो, कारण त्याला गडावर मुक्काम, चूल, गाडीतळ, हॉटेल काही लागत नाही. अट एवढीच की त्याला वाट आणि वळण यांचा मान ठेवता यावा. वळण का घातलेलं आहे हे ज्याला समजलं, तो ते तोडत नाही.

तिसरा आक्षेप सहानुभूतीतून येतो. अशा अटी घातल्या तर सामान्य माणूस डोंगरापासून दूर जाईल, हा खेळ मूठभर जाणकारांचा होईल, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. आज या खेळात खर्च होतो तो बूट, घड्याळं, परदेशी खाऊची पाकिटं आणि प्रवेशशुल्क यांवर. त्यामुळे तो शहरातल्या पगारदारांचा खेळ होऊन बसला आहे. वाट शिकायला यातलं काही लागत नाही. एखाद्या संस्थेबरोबर हंगामभर चालण्याचा खर्च एसटीचं तिकीट आणि शिदोरी इतकाच असतो. आणि वाटेची जाण ही पात्रता ठरली, तर ती ज्यांच्यापाशी जन्मापासून आहे त्यांच्यासाठी दार उघडतं. आज शर्यतीच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांमधली मुलं-मुली पाण्याचे ग्लास भरून देतात आणि टाळ्या वाजवतात. त्यांच्यातले किती जण सुरुवातीच्या रेषेवर उभे असतात? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबरने रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. आपल्या सर्वोत्तम धावपटू मुली अशा गावांतून आल्या, आणि डोंगरातल्या शर्यती मात्र शहरांच्या राहिल्या. नेपाळने यापेक्षा वेगळं घडताना पाहिलं आहे. भोजपूर जिल्ह्यातल्या डोंगरी गावातली, किशोरवयात माओवादी बंडखोरांच्या फौजेत गेलेली मीरा राई २०१४ साली काठमांडूजवळच्या एका पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत जवळजवळ योगायोगाने उतरली आणि जिंकली. पुढच्याच वर्षी तिने फ्रान्समध्ये माँ-ब्लाँची ऐंशी किलोमीटरची शर्यत मारली. तिला कुणी डोंगर शिकवावा लागला नव्हता. लहानपणी तांदळाची ओझी वाहताना तो तिच्या पायांत आला होता. तिला गरज होती ती संधीची, बुटांची आणि प्रवासखर्चाची. आपल्या वेल्हे (आता राजगड), अकोले, जव्हार, इगतपुरी या तालुक्यांत अशा किती मुली असतील याचा शोध अजून कुणी घेतलेला नाही.

म्हणून मागण्या करायच्या तर त्या सरकारपेक्षा आधी धावपटूंकडे आणि शर्यतींच्या आयोजकांकडे कराव्या लागतील. राज्याच्या २०२१ सालच्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी आणि सुरक्षेच्या निकषांची चौकट आहे. तिच्यात प्राण आयोजकांनीच ओतायचा आहे. लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीसाठी रस्त्यावरच्या मॅरेथॉनची वेळ हा पात्रतेचा पुरावा धरू नये. त्याऐवजी अर्जदार कोणत्या वाटांवर, कोणत्या ऋतूंत, कुणाबरोबर चालला आहे, हे विचारावं आणि एखाद्या गिर्यारोहण संस्थेची त्यावर सही असावी. वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, विजेरी, शिट्टी, पाणी यांची झडती सुरुवातीच्या रेषेवर घ्यावी, आणि जवळ नसेल त्याला कितीही नावाजलेला असला तरी सोडू नये. मार्गावरचा एखादा सुरक्षित, कड्यांपासून दूरचा टप्पा बिनफितीचा ठेवावा, म्हणजे नकाशा वाचण्याला बक्षिसाइतकंच मोल येईल. सर्वांच्या मागून येणारा आणि मार्ग आखणारा माणूस त्या त्या गावचा असावा, त्याला स्वयंसेवकाचा टी-शर्ट देऊन बोळवण करण्याऐवजी वाटाड्याची रीतसर मजुरी द्यावी, आणि शर्यत थांबवण्याचा अधिकारही त्याला असावा. कास पठारावर आसपासच्या गावांची समिती प्रवेशशुल्क घेते, त्यातून राखणदारी चालते; तशीच व्यवस्था शर्यतींच्या मार्गावरच्या ग्रामपंचायतींशी करता येईल, म्हणजे पावसाळ्यानंतर वाटेची डागडुजी करायला गावाकडे पैसा राहील. आणि त्या गावांतल्या मुलामुलींना प्रवेश विनाशुल्क असावा, बूट आयोजकांनी द्यावेत. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. येत्या हंगामाची नोंदणी उघडण्यापूर्वी अर्जाचा नमुना बदलला आणि वाडीतल्या दोन माणसांना बैठकीला बोलावलं, तरी सुरुवात होईल.